वृद्धाश्रमातली बेल: बटण दाबल्यापासून माणूस पलंगाशी येईपर्यंत

नाशिकमध्ये बंगला भाड्याने घेऊन दहा-पंधरा ज्येष्ठांना सांभाळणारा छोटा वृद्धाश्रम डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. मोठ्या ठिकाणी कंपनीची नर्स-कॉल यंत्रणा असते आणि बिघडली की कंपनीचा माणूस येतो. छोट्या ठिकाणी दारावरची वायरलेस बेल पलंगाच्या कठड्याला चिकटवतात आणि सोय झाली असं धरून चालतात. पण बटण दाबल्यापासून कोणीतरी पलंगाशी येऊन उभं राहीपर्यंत मधे बऱ्याच गोष्टी बिनसतात. त्यातल्या निम्म्या विजेच्या असतात, उरलेल्या माणसांच्या.

म्हणून नवी यंत्रणा घेण्याआधी आहे त्या बेलचं एक मोजमाप करा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, सगळ्यात लांबच्या खोलीतलं बटण दाबा आणि सेवक आत येऊन पलंगाला हात लावेपर्यंतचा वेळ लिहा. हे तीन वेळा करायचं: रात्री आठला, हॉलमध्ये मालिका मोठ्याने चालू असताना, सकाळी साडेसहाला, पाण्याची मोटर आणि मिक्सर एकदम चालू असताना, आणि पहाटे तीनला. कुणालाही आधी सांगायचं नाही. खोलीसाठी दोन मिनिटं आणि संडास-बाथरूमसाठी एक मिनिट ही मर्यादा ठेवावी. पहाटेचा आकडा बहुतेकदा धक्का देतो. दुपारी दीडला, सगळे जागे असताना घेतलेली चाचणी मात्र काहीच सांगत नाही.

बटण कुठे, कुणाच्या कोणत्या हाताला

पलंगाच्या डोक्याशी भिंतीत बसवलेलं बटण दिसायला नीटनेटकं असतं, पण उताण्या झोपलेल्या माणसाचा हात तिथवर जात नाही. बटण वायरीच्या टोकाला हवं, ती वायर कुशीवर वळल्यावरही पुरेल इतकी लांब हवी, आणि बटण कपड्यांच्या चिमट्याने उशीच्या अभ्र्याला किंवा चादरीला अडकवलेलं हवं. चादर बदलताना चिमटा निघतो आणि परत लागत नाही. बटण निकामी होण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण, आणि त्याला वायरमन लागत नाही. चादर बदलणाऱ्या मावशींनी शेवटी बटण दाबून दाखवायचं, एवढा नियम केला की पुरतो.

लकवा झालेल्यांच्या बाबतीत बटण चांगल्या हाताच्या बाजूला ठेवायचं. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण पलंग भिंतीकडून खिडकीकडे हलवला की बटण नेमकं दुबळ्या हाताकडे जातं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. कंपवातात बोट छोट्या बटणावर टिकत नाही, तिथे तळहाताने दाबता येईल असं मोठं, कमी जोर लागणारं बटण घ्या. बोटं सांध्यांनी वाकडी झाली असतील तर ओढायची दोरी बरी पडते. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत पहाटे बोटं बधिर असतात, अंगावर गोधडी आणि तिच्यावर रग असतो. उन्हाळ्यात सहज सापडणारं बटण तेव्हा गोधडीखाली कुठेतरी हरवतं. थंडीत चिमटा पांघरुणाच्या वरच्या काठाला, छातीच्या उंचीवर लावा.

बटण दाबल्यावर पलंगाशी एक लहान लाल दिवा लागायलाच हवा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आयुष्यभर मशिनच्या आवाजात काम केलेल्या आजोबांना बारीक बीप ऐकूच येत नाही. दिवा दिसला नाही तर ते पुन्हा पुन्हा दाबत राहतात, नाहीतर ‘बिघडलंय वाटतं’ म्हणून स्वतःच उठतात. त्या उठण्यातच ते पडतात.

संडास-बाथरूम

माणूस बऱ्याचदा इथे पडतो, आणि पडल्यावर भिंतीवरचं बटण चार फूट वर राहतं. म्हणून इथे छताला दोरीचा स्विच लावा. दोरी लाल रंगाची, तिला दोन कड्या: एक कमोडवर बसल्यावर हाताला येईल अशी, फरशीपासून साधारण तीन फुटांवर, आणि दुसरी फरशीपासून फक्त चार इंचांवर. दोरी सुती नको. ती पाणी पिते, काळी पडते आणि मग कोणी हात लावत नाही. पुसता येईल अशी नायलॉनची घ्या. बाथरूमच्या दिव्याला दोरीचा स्विच लावू नका, दोन दोऱ्यांत गोंधळ होतो.

फरशी पुसताना खालची कडी आड येते. सफाई करणारी व्यक्ती दोरी वर गुंडाळून गाठ मारते, किंवा टॉवेलच्या दांडीला अडकवते. काम झालं की ती गाठ तशीच राहते. कुठलाही वृद्धाश्रम बघायला गेलात तर पहिल्यांदा बाथरूमचं दार उघडून दोरीचं खालचं टोक पाहा. ते फरशीजवळ मोकळं लटकत असेल तर बाकीही बरंच ठीक असण्याची शक्यता आहे. नातेवाइकांनी माहितीपत्रकापेक्षा या चार इंचांवर विश्वास ठेवावा.

दाराचं विसरू नका. आत उघडणाऱ्या दारामागे पडलेला माणूस स्वतःच अडसर होतो. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा, आणि आतली कडी काढून बाहेरून नाण्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने फिरवता येईल असं लॅच बसवा.

वायरची यंत्रणा

बांधकाम चालू असेल किंवा केसिंग-पट्टी मारायची तयारी असेल, तर वायरचीच यंत्रणा घ्या. वीज १२ व्होल्ट डीसीच हवी. ओल्या हाताच्या आणि पलंगाच्या जवळ २३० व्होल्टचं साधं बेल-बटण कधीही लावू नये, कितीही चांगल्या कंपनीचं असलं तरी. १२ व्होल्टची वायर २३० व्होल्टच्या पट्टीतून नेऊ नका. दोन वर्षांनी दुसरा वायरमन येतो, चुकीची वायर चुकीच्या ठिकाणी जोडतो आणि बाथरूमच्या स्विचमध्ये घरगुती वीज उतरते.

साध्या डोअरबेलची खोड अशी की बोट काढलं की आवाज थांबतो. सेवक त्या वेळी दुसऱ्या कुणाला भरवत असेल तर हाक विरून गेली. त्यामुळे हाक धरून ठेवणारी, म्हणजे लॅच होणारी जोडणी हवी. रविवार कारंजा किंवा मेन रोडकडे मिळणाऱ्या सुट्या भागांत ती होते. खोलीमागे लागतं ते असं: दोन संचांचा १२ व्होल्टचा एक रिले (विजेने ओढला जाणारा स्विच; आतल्या तारेच्या वेटोळ्याला कॉइल आणि जुळणाऱ्या संपर्कांना संच म्हणतात), हाकेचं एक बटण (दाबल्यावर जुळणारं), रिसेटचं, म्हणजे हाक बंद करण्याचं, एक बटण (दाबल्यावर तुटणारं), दोन १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे) आणि तीन एलईडी दिवे.

१. बॅटरीची धन बाजू आधी रिसेटच्या बटणातून न्या.
२. तिथून हाकेच्या बटणातून रिलेच्या कॉइलला, आणि कॉइलचं दुसरं टोक ऋण बाजूला.
३. रिलेचा एक संच हाकेच्या बटणाला समांतर जोडा. बटण एकदा दाबलं की रिले स्वतःला धरून ठेवतो. रिसेट दाबेपर्यंत सुटत नाही.
४. कॉइलवर एक डायोड उलटा लावा (पट्टीची बाजू धन टोकाला). तो नसेल तर रिले सुटताना उठणारा झटका रिसेट बटणाचे संपर्क हळूहळू जाळतो.
५. रिलेचा दुसरा संच पलंगाशेजारचा दिवा, दारावरचा दिवा आणि पॅनेलवरचा, म्हणजे सेवकांच्या जागेवरच्या फलकावरचा, त्या खोलीचा दिवा लावतो.
६. सगळ्या खोल्यांचा बझर एकच असतो. प्रत्येक खोलीची लाइन त्या बझरला दुसऱ्या डायोडमधून जोडा. हा डायोड गाळला तर तीन नंबरने हाक मारली की पॅनेलवर सगळ्याच खोल्यांचे दिवे लागतात. ‘पॅनेल खराब झालं’ अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक हेच झालेलं असतं.

वायर ०.५ चौरस मिलिमीटरची पुरते. तीस मीटरच्या अंतरातही रिले आणि दिव्यांना लागणारा प्रवाह इतका कमी असतो की व्होल्टेज फारसं पडत नाही. वीजपुरवठ्यासाठी यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट ७ एएचची बंद बॅटरी, आणि तिला कायम जोडलेला चार्जर. हाक नसताना ही जोडणी जवळपास काहीच वीज खात नाही, त्यामुळे दिवसभर वीज गेली तरी बेल चालते. बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहा. नाहीतर ती मेली हे नेमकं वीज गेल्यावर कळतं.

यात एक गोष्ट सोडायची नाही: रिसेटचं बटण खोलीतच हवं, पॅनेलवर नको. बाथरूमच्या हाकेचं रिसेट बाथरूममध्येच. पॅनेलवर बसल्या जागी बेल बंद करता येत असेल तर ती बंद होईल, आणि ‘हातातलं संपवून जाते’ म्हणणारं माणूस खरंच विसरेल. यात कुणाचा आळस नसतो, एका सेवकाला चार कामं असतात इतकंच. बेल बंद करण्यासाठी पलंगापर्यंत चालत जावं लागलं की प्रश्नच मिटतो. तयार नर्स-कॉल पॅनेल विकत घेताना दुकानदाराला हाच पहिला प्रश्न विचारा. बरीच स्वस्त पॅनेल इथेच बाद होतात.

वायरलेस घ्यायचंच असेल तर

भाड्याच्या घरात भिंती फोडता येत नाहीत, मग हाच पर्याय राहतो. खोक्यावर ‘१०० मीटर’ लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं अंतर. मधे आरसीसीचा स्लॅब, लोखंडी कपाट किंवा जुन्या वाड्याची दगडी भिंत आली की त्यातलं थोडंच उरतं. तळमजल्यावरचा रिसीव्हर दुसऱ्या मजल्याच्या टोकाची खोली पकडेल असं गृहीत धरू नका. प्रत्येक मजल्यावर वेगळा रिसीव्हर ठेवा आणि प्रत्येक बटण प्रत्यक्ष पलंगावर आडवं पडून, अंगाखाली धरून दाबून पाहा. शरीरही लहरी अडवतं.

रिसीव्हरवर खोली क्रमांक दिसायला हवा. नुसतं ‘डिंग-डाँग’ ऐकून सेवक आधी गेटवर जाऊन बघतो कोण आलंय. दारावरच्या बेलचा आणि खोल्यांच्या बेलचा आवाज पूर्ण वेगळा ठेवा.

या बटणांतला खरा धोका म्हणजे सेल गुपचूप संपतो. आत सीआर २०३२ किंवा १२ व्होल्टचा छोटा २३ए सेल असतो, आणि तो संपला हे बटण सांगत नाही. दर सोमवारी सगळी बटणं दाबून वहीत बरोबरची खूण करायची, आणि संपो न संपो, वर्षातून एकदा सगळे सेल एकदम बदलायचे. दिवाळीच्या साफसफाईला जोडून घेतलं की तारीख लक्षात राहते. काढलेले बटण-सेल लगेच उचला. विस्मरण असलेल्या व्यक्तीने गोळी समजून गिळला तर अन्ननलिका जळते.

रिसीव्हर इन्व्हर्टरच्या पॉइंटवरच लावा. वळवाच्या सरीबरोबर वीज जाते तेव्हा अंधारात सगळ्यात जास्त हाका येतात, आणि साध्या पॉइंटवरचा रिसीव्हर तेव्हाच मुका असतो. मेन स्विच पाडून एकदा चाचणी घ्या. काही स्वस्त रिसीव्हर वीज येऊन-जाऊन बटणांची जोडणीच विसरतात. असा निघाला तर परत करा.

इतकं करूनही प्रत्येक पलंगाशी एक पितळी घंटी ठेवाच. तिला सेल लागत नाही.

बेल असून न वाजवणारे

आता माणसांकडचं. यंत्रणा शाबूत असते आणि आजी तरी बेल वाजवत नाहीत. विचारलं तर म्हणतात, “उगाच कशाला कुणाला त्रास?” हा संकोच स्वभावातला असतो, पण बऱ्याचदा तो तयारही केलेला असतो. पहाटे तीनला तिसऱ्यांदा लघवीला नेताना सेविका दमून म्हणते, “आजी, आत्ताच तर जाऊन आलात ना!” एवढं एक वाक्य पुरतं. चौथ्यांदा आजी बेल न वाजवता एकट्या निघतात.

यावर दटावणी चालत नाही. हाकांची वही ठेवा: वेळ, खोली, किती मिनिटांत कोण गेलं, कशासाठी. आठवडाभरात दिसेल की बऱ्याच हाका लघवी, पाणी, कूस बदलणं आणि खाली पडलेला चष्मा यांच्याच आहेत, आणि त्या ठरावीक वेळांनाच येतात. मग बेलची वाट न बघता फेरी लावा. दिवसा दर दोन तासांनी, आणि रात्री त्या-त्या व्यक्तीच्या वेळेच्या पाव तास आधी. फेरीत चारच गोष्टी विचारायच्या: काही दुखतंय का, कूस बदलायची का, लघवीला जायचंय का, आणि पाणी-चष्मा-बटण हाताशी आहे का. हाका कमी होतात, आणि उरलेली हाक आली की सेवक धावतो, कारण तिला आता अर्थ असतो. सारखी वाजणारी बेल कानाला ऐकू येईनाशी होते, त्याचा इलाजही हाच.

रात्री एकच माणूस असेल तर दोन मिनिटांत हाक बंद झाली नाही की दुसऱ्या कुणाला कळायला हवं. मग ती वरच्या मजल्यावर झोपलेली व्यवस्थापक असो वा स्वयंपाकाच्या मावशी, त्यांच्या खोलीत दुसरा बझर टायमरमधून लावा.

शब्द जातात तेव्हा

लकव्याच्या झटक्यानंतर बोलता न येणाऱ्यांसाठी ए-३ आकाराचा एक तक्ता करा. आठच चौकोन: पाणी, लघवी-संडास, दुखतंय, थंडी, गरम, कूस, श्वास, घरी फोन. वर चित्र, खाली ठळक मोठं अक्षर. सोळा-वीस चित्रांचे तयार तक्ते गोंधळात टाकतात. शेवटी ‘हो’ आणि ‘नाही’ वेगळ्या रंगांत. बोटही उचलत नसेल तर डोळे मिटले की ‘हो’, वर पाहिलं की ‘नाही’. ही खूण ठरली की पलंगाच्या डोक्याशी लिहून लावायची, नाहीतर ती एकाच सिस्टरना माहीत राहते आणि त्यांच्या सुट्टीच्या दिवशी माणूस मुका होतो. प्रश्नही एका वेळी एकच: “दुखतंय का?” उत्तर आल्यावर “पोटात?” “पाणी हवंय की चहा?” याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देता येत नाही.

विस्मरण वाढलं की माणूस बऱ्याचदा मागून शिकलेली भाषा आधी विसरतो. कळवण-सटाण्याकडच्या आजी मराठीत उत्तर देईनाशा झाल्या तरी ‘माले पानी जोयजे’ म्हणू शकतात. ‘काहीतरी बडबडतात’ असं वहीत लिहिण्याआधी त्यांची घरची भाषा कोणती ते विचारा, आणि अहिराणी, गुजराती किंवा सिंधीतले दहा शब्द घरच्यांकडून लिहून घ्या.

शिवाय आजारी माणसाचे शब्द बदलू नका. “छातीत भरून आल्यासारखं होतंय”, “जीव घाबरा होतोय”, “जबडा ओढतोय” हे वहीत ‘अॅसिडिटी’ म्हणून उतरलं तर डॉक्टरांपर्यंत चुकीची गोष्ट पोहोचते. मधुमेह असलेल्यांना हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ येतेच असं नाही. नुसता घाम आणि ‘कसंतरी होतंय’ एवढंच असू शकतं.

बाहेरची मदत बोलावताना

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस-अग्निशमन-वैद्यकीय अशा कुठल्याही आणीबाणीसाठी ११२. छळ, घरच्यांनी टाकून देणं, निर्वाहाचे कायदेशीर प्रश्न यांसाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. तिथे रुग्णवाहिका मागत बसू नका. कीपॅडच्या फोनवर ५ किंवा ९ आकडा दाबून धरला की ११२ ला फोन लागण्याची सोय भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये २०१७ पासून सक्तीची आहे. आजोबांच्या गळ्यातल्या फोनवर ती आहे का ते पाहा, आणि त्या आकड्यावर मुलीचा स्पीड डायल ठेवू नका.

१०८ वर फोन उचलणारा नाशिकचा असेलच असं नाही. “गंगापूरहून बोलतोय” म्हटलं तर गंगापूर नावाचा तालुका छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. सिडको तर तिथेही आहे आणि नवी मुंबईतही. फोनशेजारी भिंतीवर हा मजकूर मोठ्या अक्षरांत चिकटवा आणि वाचूनच दाखवा:

“नाशिक शहर, जिल्हा नाशिक. भाग अमुक, रस्ता अमुक, ओळखीची खूण अमुक. वृद्धाश्रम. रुग्ण स्त्री/पुरुष, वय इतकं. शुद्धीवर आहे/नाही. श्वास चालू आहे/नाही. काय झालं आणि किती वाजता. कितवा मजला, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो/मावत नाही. आमचा नंबर अमुक.”

फोन आपण आधी ठेवायचा नाही. समोरच्याने ठेवल्यावर ठेवायचा. मग तो नंबर मोकळा ठेवायचा. मुलाला अमेरिकेत कळवायचं काम दुसऱ्या फोनवरून.

चेहरा एका बाजूला ओढला, एक हात वर राहत नाही, बोलणं अडखळतंय, यातलं एकही दिसलं तर लकव्याचा झटका समजून, फॅमिली डॉक्टरांची वाट न बघता १०८. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास मोजतात रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला तिथपासून. सकाळी सहाला लक्षात आलं तर सहापासून नाही. फेरीच्या वहीत पहाटे चारला ‘पाणी मागितलं, नीट बोलल्या’ असं लिहिलेलं असेल तर तीच नोंद डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडते. वहीच्या त्या पानाचा फोटो काढून सोबत द्या.

प्रत्येक ज्येष्ठाचं एक प्लास्टिकचं पाकीट दाराशी टांगलेलं हवं: आधारची प्रत, आयुष्मान कार्ड (७० वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही), औषधांची ताजी यादी, ॲलर्जी आणि दोन नातेवाइकांचे नंबर. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती लाल शाईने सगळ्यात वर लिहा. पडल्यावर डोक्याला मार लागला असेल तर हाच पहिला प्रश्न विचारला जातो.

एकाने गेटवर टॉर्च घेऊन उभं राहायचं, गाडी वळायच्या नाक्यावर दुसरा मिळाला तर उत्तम. पंचवटी, तपोवन, रामकुंडाच्या बाजूला असाल तर २०२७ च्या सिंहस्थात पर्वण्यांच्या दिवशी वाहनांना कोणते रस्ते बंद आहेत ते पोलीस ठाण्यातून आधीच लिहून आणा, आणि गोदावरीच्या आपल्याच बाजूचं एखादं रुग्णालय निवडून ठेवा. गणेश विसर्जनालाही हेच.

रुग्ण परत आला की डिस्चार्ज कार्डावरची बदललेली औषधं पाकिटातल्या यादीत त्याच दिवशी उतरवायची, जुना कागद फाडून टाकायचा, आणि बटण पुन्हा उशीला अडकवून एकदा दाबून बघायचं.